पोलिसांच्या गाडीत एक समुपदेशकही हवा

मैत्रिणींनो, त्या रात्रीचा फोन मीच केला होता. आज हे सगळं लिहायला बसले ते त्या फोनमुळेच.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा. बी.कॉम. झालेला, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याची झोप उडाली. जेवणात कोणी काहीतरी कालवतंय, असं म्हणू लागला. वहिनींनी आधी दृष्ट काढली, मग कोणी सांगितलं म्हणून दोन ठिकाणी नेऊन आणलं. डॉक्टरांकडे मात्र नेलं नाही, कारण 'लोक काय म्हणतील'. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला त्यांच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनींची किंकाळी. मी मागच्या दाराने धावले. मुलगा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नारळ फोडायचा कोयता हातात घेऊन उभा होता. कोणाला मारायला नव्हे, आपल्याला मारायला माणसं येताहेत या भीतीने. थरथर कापत होता बिचारा. माझे हातपाय गळाले. मी ११२ लावला.

गाडी पंधरा-वीस मिनिटांत आली, त्याबद्दल तक्रार नाही. दोघे पोलीस उतरले. एकाच्या हातात काठी. गाडीचा दिवा सगळ्या गल्लीवर फिरत होता. गच्च्यांवरून, खिडक्यांतून माणसं बघत होती. दोन-तीन मुलं तर मोबाइलवर चित्रण करत होती. काठी बघून तो पोरगा आणखीनच बिथरला. झटापट झाली, कोयता काढून घेतला आणि त्याला धरून गाडीत घातलं. सकाळपर्यंत तो ठाण्यातल्या बाकावर बसून होता आणि वहिनी बाहेर पायरीवर. त्याला दवाखान्यात न्यायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी गावात बातमी काय, तर 'अमक्याच्या मुलाला पोलिसांनी उचलला'. महिन्याभरात त्याच्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. वहिनी माझ्याशी पाच महिने बोलल्या नाहीत.

खरी गोष्ट याच्या पुढे आहे. सात-आठ महिन्यांनी त्याला पुन्हा तसाच झटका आला. या वेळी वहिनींनी कोणालाच सांगितलं नाही. घरातल्या सुऱ्या, कोयता, कात्री सगळं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं आणि दोन रात्री त्याच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसून राहिल्या. तिसऱ्या पहाटे माझ्या मागच्या दारावर थाप पडली. दार उघडताच पहिलं वाक्य होतं, "ताई, पाया पडते, पण पोलिसांना नको बोलावू."

त्या पहाटे काही वाईट घडलं नाही हे नशीब. पण विचार करा, त्या दोन रात्रींत काहीही होऊ शकलं असतं. आणि एक आई मदतीचा नंबर हाताशी असून तो लावत नव्हती. का? तर पहिल्या वेळी मदत म्हणून जे आलं होतं, त्याचीच तिला आजारापेक्षा जास्त धास्ती बसली होती.

आता सगळा दोष पोलिसांच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. मी आमच्या ठाण्याच्या महिला दक्षता समितीत आहे, त्यामुळे तिथली परिस्थिती बघते. त्या रात्री आलेल्या दोघांपैकी वयस्कर हवालदार नंतर एकदा मला म्हणाले, "ताई, ते पोरगं चोर नाही एवढं मलाही कळत होतं. पण त्याच्याशी बोलायचं काय, ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही." खरंच आहे. मोर्चा, अपघात, चोरी, बंदोबस्त, सगळीकडे तेच. त्यातच कुणाचं मन बिघडलं की तिथेही तेच. आग लागली तर आपण बंब बोलावतो, छातीत दुखलं तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावतो. मनाचा आजार रात्री बारा वाजता उसळला तर मात्र काठी घेतलेला शिपाई. हे काही बरोबर नाही ना?

गंमत म्हणजे कायदा असं म्हणतच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० प्रत्येकीने माहीत करून घ्यावं असं आहे. मानसिक आजारामुळे एखाद्याचा स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं वाटलं, तर पोलिसांनी त्याला संरक्षणाखाली घ्यायचं. का घेतोय हे त्याला किंवा त्याच्या माणसाला सांगायचं. लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. आणि त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, हे तर स्पष्ट लिहिलेलं आहे. याच कायद्यात पोलिसांना या विषयाचं प्रशिक्षण वेळोवेळी देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट कलम ११५ मध्ये आहे. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला, तर ती व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच धरून चालायचं आणि तिला शिक्षा न करता उपचार, आधार द्यायचा. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. फक्त सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवायला किंवा त्याच्यावर दबाव आणायला असा प्रयत्न केला, तर तो गुन्हा आहे. तरीही आपल्याकडे घराघरांतून असे प्रकार 'पाय घसरला', 'चुकून झालं' असं सांगून दडवले जातात, केस होईल या भीतीने. बाईच्या बाबतीत तर जास्तच. मग तिला ना औषध मिळतं, ना कोणी विचारणारं भेटतं.

कायदा चांगला आहे, पण तो रात्री बारा वाजता दारात येऊन उभा राहत नाही. दारात माणूस लागतो. वर्दीच्या शेजारी, वर्दी नसलेलं, अशा वेळी बोलायचं शिक्षण घेतलेलं माणूस. ही कल्पना ऐकली की लोक म्हणतात, "अहो, हे सगळं परदेशात चालतं." म्हणून आधी आपल्याच घरातलं उदाहरण सांगते.

सन १९८४. हुंडाबळींच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरलेली असायची. तेव्हा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, मुंबई पोलिसांच्या सोबतीने एक प्रयोग सुरू केला. मार खाऊन, घाबरून पोलिसांकडे आलेल्या बाईसाठी पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवल्या. स्त्रिया आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष, ज्याला सगळे 'स्पेशल सेल' म्हणतात, तो हाच. त्या कार्यकर्त्या पोलीस नव्हत्या, पण पोलिसांच्या व्यवस्थेत त्यांना खुर्ची होती, टेबल होतं, मान होता. बाईचं आधी नीट ऐकून घ्यायचं, तिचा जीव सुरक्षित आहे ना ते बघायचं, तिला काय हवंय ते विचारायचं, आणि मग पोलीस, दवाखाना, वकील, माहेर यांपैकी ज्याची गरज असेल त्याच्याशी तिला जोडून द्यायचं. मुंबईतल्या एका खोलीत सुरू झालेलं हे काम पुढे राज्य सरकारच्या महिला व बालविकास विभागाच्या मदतीने राज्यभर पसरलं, आणि इतर राज्यांनीही ते उचललं.

म्हणजे पोलिसांच्या शेजारी समुपदेशक बसवणं आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. चाळीस वर्षांहून जास्त अनुभव आहे आपल्या गाठीशी. माझं म्हणणं एवढंच की, ही खुर्ची ठाण्याच्या आवारातून उठून त्या गाडीतही आली पाहिजे. आणि नवऱ्याच्या मारहाणीइतकीच ती मनाच्या आजाराच्या हाकेलाही गेली पाहिजे.

आता परदेशातलंही सांगते, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९८७ साली एक मानसिक आजारी तरुण हातात सुरी घेऊन स्वतःलाच इजा करत होता. वय सत्तावीस. मदतीसाठी फोन गेला, पोलीस आले, सुरी टाक म्हणाले, आणि शेवट त्यांच्याच गोळ्यांनी त्याचा जीव जाण्यात झाला. शहर हादरलं. पुढच्याच वर्षी पोलीस, मानसोपचारातली जाणकार मंडळी आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसले आणि निवडक पोलिसांसाठी चाळीस तासांचं खास प्रशिक्षण सुरू झालं. ती पद्धत नंतर अमेरिकेत खूप ठिकाणी गेली.

डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. तिथे तातडीच्या नंबरवर फोन आला आणि त्यात हिंसेचा धोका दिसला नाही, तर पोलिसांऐवजी एक साधी व्हॅन जाते. तीत एक मानसिक आरोग्याचा कार्यकर्ता आणि एक प्रथमोपचार जाणणारा. पहिल्या सहा महिन्यांत ही व्हॅन ७४८ ठिकाणी गेली, आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी कोणाला अटक करावी लागली नाही. वाचून मला आमच्या गल्लीत फिरणारा तो गाडीचा दिवा आठवला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अशा व्हॅनची मूळ कल्पना ज्या युजीन नावाच्या गावाने १९८९ मध्ये अमलात आणली, तिथलीच सेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली. छत्तीस वर्षं चाललेलं काम पैशांच्या अडचणीत बसलं. चांगली कल्पना नुसत्या सदिच्छेवर चालत नाही, तिला दरवर्षी अंदाजपत्रकात रक्कम लागते. आपल्याकडे तर एखाद्या साहेबांच्या उत्साहावर योजना सुरू होते आणि त्यांची बदली झाली की फाइल कपाटात जाते, हे आपण नेहमीच बघतो.

काही जणी विचारतील, कोयता हातात असलेल्या माणसापुढे समुपदेशक बाईला कसं उभं करायचं? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी 'पोलिसांऐवजी' म्हणत नाही, 'पोलिसांसोबत' म्हणते. धोका असेल तिथे पोलीस पुढे हवेतच. पण काठी बाहेर ठेवून, दिवा बंद करून, गर्दी पांगवून. बोलणाऱ्याने बोलावं, सांभाळणाऱ्याने सांभाळावं.

आणखी एक गोष्ट, जराशी कडू आहे. आम्ही दक्षता समितीतल्या बायका मनापासून काम करतो, पण आमच्यातल्या किती जणींनी याचं शिक्षण घेतलंय? मीही कला शाखेची पदवीधर, समाजकार्य शिकले ते अनुभवातून. कोणी रडत आली की आम्ही पटकन 'जुळवून घे', 'देवाचं नाव घे', 'मनाला लावून घेऊ नको' असं सांगून मोकळ्या होतो. हे समुपदेशन नव्हे. आजारी मनाला असला सल्ला म्हणजे मोडलेल्या पायाला 'चाल बरं' म्हणण्यासारखं आहे. तेव्हा समुपदेशक म्हणून कोणालाही बसवून चालणार नाही. मात्र समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेल्या किंवा मानसशास्त्र शिकलेल्या मुली आज छोट्या गावांतही आहेत आणि त्यांतल्या कितीतरी नोकरीसाठी वणवण करताहेत. त्यांना नीट प्रशिक्षण, पगार आणि रात्रीच्या कामाला सुरक्षित वाहन दिलं, तर माणसं मिळणार नाहीत असं मला वाटत नाही.

छोट्या गावांना याची गरज शहरांपेक्षा जास्त आहे. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. या चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली डॉक्टर आणि समुपदेशक असतात, पण तालुक्याच्या गावातून रात्री तिथे पोहोचायचं कसं, आणि तोपर्यंत घरात काय करायचं, हा आपला प्रश्न आहे.

त्या पहाटे वहिनींना घरात घेऊन मी १४४१६ लावला. हा 'टेलि-मानस'चा नंबर. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. पलीकडच्या मुलीने घाई न करता सगळं विचारलं. काय बोलायचं, काय टाळायचं, त्याला कसं बसतं करायचं, ते सांगितलं. पण फोन दारात येऊ शकत नाही. शेवटी त्याच वयस्कर हवालदारांना मी घरी फोन केला. ते साध्या कपड्यांत, स्वतःच्या स्कूटरवर आले. ओट्यावर बसून त्या मुलाशी तासभर गावच्या जत्रेबद्दल बोलत होते. मग १०८ ची गाडी आली आणि मुलगा स्वतःच्या पायांनी चालत तीत बसला. कोणी खिडकीत आलं नाही. आज तो नियमित गोळ्या घेतो, मामाच्या दुकानात हिशेब बघतो. मध्ये दोनदा बरंखाली झालं, पण वेळेवर नेलं गेलं. माणूस तोच, आजार तोच, पोलीसही तेच. फक्त मदत येण्याची तऱ्हा बदलली. पण हे एका हवालदाराच्या चांगुलपणावर अवलंबून का असावं?

हे सगळं व्यवस्थेत यायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगते.

तातडीने ११२ लावायची वेळ आलीच, तर पहिल्याच वाक्यात सांगा की हा आजाराचा प्रकार आहे, गुन्हा नाही. हातात काही हत्यार आहे का, कोणती औषधं चालू आहेत, कोणाचं म्हणणं तो किंवा ती ऐकते, हे सांगा. रुग्णवाहिकाही हवी, असं स्पष्ट म्हणा. गाडी येईपर्यंत एकाच माणसाने हळू आवाजात बोलावं. 'असं काही नाहीये, तुला भास होतोय' असा वाद घालू नये. त्याच्या भीतीला हो-नाही न करता 'तू घाबरलायस, मी इथेच आहे' एवढं म्हणावं. दाराची वाट मोकळी ठेवावी. डॉक्टरांचे कागद एका पिशवीत हाताशी असावेत. आणि शेजारणींनो, तुमचं काम म्हणजे मुलांच्या हातातले मोबाइल खाली करायला लावणं आणि खिडक्या लावून घेणं. त्या घरावर तेवढे उपकार पुष्कळ झाले.

दुसरं म्हणजे मागणी. महिला मंडळ, बचत गट, भिशी, जिथे चार जणी जमतात तिथे हा विषय काढा. पोलीस ठाण्यात जाऊन तीन गोष्टी मागा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा नंबर ठाण्यातल्या फळ्यावर लिहिलेला असावा. कायद्याने सांगितलेलं प्रशिक्षण आपल्या ठाण्यातल्या किती जणांना मिळालं, ते सांगावं. आणि अशा फोनवर जाताना सोबत न्यायला तालुक्याला निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, यासाठी ठाण्याने वरती लिहावं. आपणही आमदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना तसं निवेदन द्यावं. हसतील, टोलवतील, पुन्हा या म्हणतील. पुन्हा जायचं. स्पेशल सेलही १९८४ ला एका खोलीतच सुरू झाला होता.

आमच्या निवेदनावर पहिली सही वहिनींनी केली. लिहिताना हात थोडा थांबला, मग त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, खाली पत्ताही. म्हणाल्या, "ताई, लपवून काय मिळालं? त्या रात्री त्या गाडीतून एखादी बाई उतरली असती, आणि तिने माझ्या पोराला नुसतं नावाने हाक मारली असती, तरी पुढच्या वेळी मी फोन केला असता."